सायकल दाखवण्याचा कार्यक्रम

एका जंगलात, बाळांनो, दुकान एकही नव्हतं. पण सल्ला हवा तेवढा मिळायचा. नको असला तर जरा जास्तच मिळायचा.

त्या जंगलात उल्का नावाची एक तरुण शेकरू राहायची. शेपूट झुपकेदार, डोकं गरम. झाडावर चढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नुकतीच तिला नोकरीही लागली होती. बोडक्या टेकडीपलीकडच्या शाळेत माकडांच्या पिल्लांना झाडावर चढायला शिकवायचं होतं.

माकडांना हे शिकवावं लागतं का, असं विचारू नका. हल्ली सगळ्यांनाच सगळं शिकवावं लागतं.

सोमवारी पहिल्या तासाला हजर व्हायचं, नाहीतर नोकरी तरसाच्या भाच्याला जाणार होती. तरसाच्या भाच्याला झाडावर चढता येत नव्हतं. पण त्याचा मामा तरस होता.

आता अडचण अशी. शेकरू जमिनीवरून लांब चालत नाही. या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत जाते. बोडक्या टेकडीवर फांदी नव्हती, कारण झाड नव्हतं. आणि झाड नव्हतं, कारण तिथे दरवर्षी ज्येष्ठांच्या हस्ते वृक्षारोपण व्हायचं.

"मी सायकल घेते," उल्का म्हणाली. "डोंगरात चालवायची. जुनी चालेल."

झालं! जंगलभर बातमी गेली. त्या जंगलाचा नियमच होता : तीन ज्येष्ठांनी माना डोलावल्याशिवाय कोणी काही विकत घ्यायचं नाही. पहिले ज्येष्ठ कासवआप्पा. ते सगळ्यांत वयस्कर होते आणि तेवढंच काम करायचे. दुसरे गवामामा. ते कमी बोलायचे, पण जिथे बसायचे तिथे दुसऱ्याला जागा उरायची नाही. तिसरी टिटवीमावशी. आभाळ आपल्याच पायांवर तोललेलं आहे, अशी तिची समजूत होती, त्यामुळे ती कायम दमलेली असायची.

या तिघांनी आयुष्यात सायकल पाहिली नव्हती. पण पाहिलेली नसलेली गोष्ट कशी बघायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलगी बघतात तशी.

रविवारी सकाळी तिघं साळूताई सायाळीच्या बिळापाशी पोचले. साळूताईला तिची सायकल विकायची होती. सायकल झाडाला टेकून उभी होती. पुढे शॉकअप, मागे नुसते सरळ दांडे, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, जाड खडबडीत टायर. रंगावर ओरखडे होते आणि अंगावर वाळलेला चिखल.

तिघांनी आधी पोहे खाल्ले. मग आणखी थोडे खाल्ले.

"हं," आप्पा म्हणाले, "आधीच्या घरी का नांदली नाही?"

"माझ्यामुळे," साळूताई म्हणाली. "मी बसते तेव्हा ठीक असतं हो. उतरताना माझा एखादा काटा टायरमध्ये राहतो. ट्यूबला इतकी ठिगळं झालीत, की मूळ ट्यूब शोधावी लागते. म्हणून ती पडून असते. ट्यूब बदलली की बाकी सगळं नव्यासारखं."

"सगळ्या असंच सांगतात," टिटवीमावशी म्हणाली. "दोष तिचाच असणार. काही गाता येतं का तिला?"

"काय?"

"घंटी गं, घंटी! वाजत नाही?"

"नाही मावशी, घंटी नाहीये."

"मुकी आहे," मावशीने आप्पांच्या कानात सांगितलं. आप्पांचा कान कुठे असतो हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने ते जंगलभर ऐकू जाईल असं सांगितलं.

"आणि घरकाम? डबा, पिशवी, सरपण? कॅरिअर कुठे आहे?" मावशीने विचारलं.

"डोंगरातल्या सायकलीला कॅरिअर नसतं," उल्का म्हणाली.

"म्हणजे आळशी," आप्पा म्हणाले. "जरा चालवून दाखवा. त्या दगडापर्यंत जायचं आणि परत यायचं. पायात दोष आहे का कळेल."

साळूताईने सायकल हाताने चालवत नेली आणि आणली. गवामामा मागच्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिले.

"पाठ ताठ आहे," ते म्हणाले.

"मामा, ही हार्डटेल आहे," उल्का म्हणाली. "मागे शॉकअप नसतोच. म्हणूनच ती हलकी असते, चढावर पायातला जोर वाया जात नाही, आणि बिघडायला भाग कमी."

"ताठ आहे," गवामामा पुन्हा म्हणाले. "वाकणार नाही."

"वाकायला नकोच आहे!"

"बघा, हिलाही ताठच आवडते," मावशी म्हणाली.

उल्काने ओठ चावला आणि सरळ कामाला लागली. पुढचा ब्रेक दाबून तिने सायकल मागेपुढे हलवली; हँडलचा सांधा जरासुद्धा खुळखुळला नाही. शॉकअपच्या नळ्यांवरून बोट फिरवलं. ओरखडा नाही, ऑइल गळलेलं नाही. मग तिने सायकल उलटी केली.

"अगं, अगं, अगं!" आप्पांचं डोकं झटकन आत गेलं आणि आवाज कवचातून येऊ लागला. "चारचौघांत उलटी करतेस? काही लाज?"

"चाक आउट आहे का बघतेय, आप्पा."

"ते लग्नानंतर कळतं!"

उल्काने चाक फिरवलं. ते डुगडुगलं नाही, एका रेषेत गरगरत राहिलं. तिने पॅडल फिरवत एकेक गिअर टाकून बघितला. चेन न कुरकुरता सगळ्या चकत्यांवर चढली आणि उतरली. फ्रेमच्या प्रत्येक वेल्डिंगवरून तिने नख ओढलं. नख कुठे अडकलं नाही.

"हीच," ती म्हणाली. "मला हीच हवी."

तिघांनी माना हलवल्या, पण आडव्या.

"चेहऱ्यावर डाग," आप्पा म्हणाले.

"मुकी," मावशी म्हणाली.

"ताठ," गवामामा म्हणाले.

इतक्यात झुडपामागून नमस्कार आला. त्यामागून कोल्हेबुवा आले. आणि त्यांच्यामागून आली एक सायकल. काय सांगू बाळांनो! रंग दुधासारखा. हँडलला झुरमुळ्या, मागे कॅरिअर, पुढे टोपली, टोपलीत झेंडू. ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

"गाते!" मावशी म्हणाली.

"गोरी आहे," आप्पा म्हणाले. त्यांचं डोकं आता कवचाबाहेर इतकं आलं होतं, की मागे शेपूट दिसेनाशी झाली होती.

"संस्कारी घरातली आहे," कोल्हेबुवा म्हणाले. "मान वर करून कधी बघितलं नाही. हिला पुढेही स्प्रिंग आहे, मागेही स्प्रिंग आहे. कुठेही वाकते."

उल्काने ब्रेक दाबून सायकल हलवली. हँडल नंदीबैलाच्या मानेसारखं डुलायला लागलं. चेन इतकी ढिली, की हातात धरून झोका घ्यावा. मग तिने हँडलखालच्या सांध्यावरून नख ओढलं. दुधासारख्या रंगाखाली नख अडकलं.

"इथे फ्रेमला तडा आहे. वरून रंग मारलाय."

"जन्मखूण आहे ती," कोल्हेबुवा म्हणाले. "शुभ असते."

"शुभच असते," आप्पा म्हणाले. "माझ्या अख्ख्या पाठीवर आहेत."

"आप्पा, उतारावर हा सांधा सुटला तर मी मरेन!"

"मोठ्यांसमोर मरणाच्या गोष्टी करू नयेत," मावशी म्हणाली. आणि तिघांनी माना डोलावल्या. उभ्या.

आता त्या जंगलात अशी रीत होती, की घरात नवी वस्तू आली की आधी ज्येष्ठांनी वापरायची. नव्या पायवाटेवरून आप्पा आधी चालायचे. म्हणून ती पायवाट इतरांना सहसा पुढच्या मोसमात मिळायची. सायकलीवर कोणी बसायचं, याचा थोडा वाद झाला. आप्पांचे पाय पॅडलला पुरत नव्हते. मावशीला आभाळ सोडून येणं शक्य नव्हतं. म्हणून गवामामा बसले.

आधी मागची स्प्रिंग खाली गेली. ती परत वर आली नाही. मग पुढची गेली. मग जन्मखुणेपाशी 'कट' असा आवाज झाला, आणि सायकलचे दोन भाग दोन दिशांना गेले. गवामामा मात्र कुठेच गेले नाहीत. ते जमिनीवर बसून होते आणि त्यांच्या हातात हँडल होतं. त्यांनी सवयीने घंटी वाजवली. ट्रिंग ट्रिंग.

कोल्हेबुवा कधी निघून गेले ते कोणालाच दिसलं नाही.

"मी आधीच म्हणत होते," मावशी म्हणाली.

"काय म्हणत होतीस?" गवामामांनी विचारलं.

"तेच. सगळं."

आप्पांनी घसा खाकरला. "सायकल ही जातच वाईट. निर्णय झाला. पोरीने घरी राहावं. तरसाचा भाचा नोकरी करेल. फार गुणी मुलगा आहे. मला रोज नमस्कार करतो."

उल्काच्या शेपटीचा प्रत्येक केस उभा राहिला. सोमवार उजाडायला एक रात्र उरली होती, चांगली सायकल समोर उभी होती, आणि तिच्यासाठी तीन माना हलत नव्हत्या. ती ओरडणारच होती. पण तिने वर पाहिलं. झाडांवर वानरं जमली होती आणि गवामामांकडे बोट दाखवून पोट धरून हसत होती.

उल्काने आवाज गोड केला.

"ठीक आहे, आप्पा. फक्त एक सांगा. ही फुटकी सायकल पसंत कोणी केली, असं उद्या सगळं जंगल विचारेल. मी काय सांगू?"

तिघांनी वर वानरांकडे पाहिलं.

"असं सांगू का? हट्ट माझाच होता. तुम्ही बिचारे सकाळपासून नको नको म्हणत होता. गवामामा तर मला वाचवायला म्हणून मध्ये बसले. चालेल?"

तीन माना एकदम डोलल्या. वर-खाली, वर-खाली. आप्पांची तर थांबेचना.

"साळूताई, पाहिलंत?"

"पाहिलं. तिघांनीही डोलावल्या."

"नियमात काय आहे?"

"तिघांनी माना डोलावल्या पाहिजेत."

"कशासाठी, ते आहे?"

साळूताईने विचार केला. "नाही बाई. तेवढं लिहायचं राहिलं बहुतेक."

"अगं, पण आम्ही त्यासाठी नाही डोल—" आप्पा म्हणाले.

"मग कशासाठी डोलावल्या, ते या वानरांना जरा मोठ्याने सांगता का?"

आप्पांचं डोकं आत गेलं. ते बुधवारी बाहेर आलं.

संध्याकाळपर्यंत उल्काने फुटक्या सायकलीच्या ट्यूब काढून हिच्या दोन्ही चाकांत घातल्या. साळूताईला तिने बदल्यात मोसमभर जांभळं पोचवायचं कबूल केलं. सोमवारी पहाटे ती बोडक्या टेकडीवर निघाली. रस्ता वाईट होता. दरवर्षीच्या वृक्षारोपणाचे खड्डे तसेच होते आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी ज्येष्ठांच्या नावाची पाटी होती. खड्डे पुढच्या शॉकअपने सोसले. मागून प्रत्येक दगड थेट पाठीत बसला आणि उल्काने प्रत्येक दगडाला एक शिवी दिली. त्या मी तुम्हाला सांगणार नाही. उतारावर तिने ब्रेक दाबले. ते लागले.

शाळेत पहिल्या तासाची घंटा वाजत होती. तरसाचा भाचा झाडाच्या बुंध्याला मिठी मारून उभा होता, आणि माकडांची पिल्लं त्याला खालून ढकलत होती. तो एक वीतही वर सरकला नव्हता.

उल्का उतरली. सायकलला स्टँड नव्हता. तिने ती तरसाच्या भाच्याला टेकवून उभी केली आणि त्याच्या डोक्यावर पाय देऊन झाडावर चढली.

"चला," ती वरून पिल्लांना म्हणाली, "सुरुवात करू."

तरसाच्या भाच्यालाही शाळेने कामावरून काढलं नाही. तो अजून सायकल धरून उभा राहतो. इकडे जंगलात ज्येष्ठ मंडळींनी 'जुनी सायकल कशी पारखावी' यावर शिबिर सुरू केलं आहे. पोहे असतात.

तात्पर्य : जुनी सायकल घेताना वडीलधाऱ्यांचं मत अवश्य घ्यावं. आणि त्यांना जी पसंत पडेल, तिच्यावर आधी त्यांनाच बसवावं.