एच बरोबर एच

खारजमिनीच्या बांधाची उंची ठरवणं ही तांत्रिक बाब आहे, आणि तांत्रिक बाबीत समुद्राला मत नसतं. रत्नागिरीच्या एका सरकारी कार्यालयात हे सर्वांना मान्य होतं. कनिष्ठ अभियंता आत्माराम शिवलकर यालाही मान्य होतं, निदान दहा ते साडेपाच.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीनं भाट्याच्या खाडीकाठचा एक जुना बांध फोडला आणि गोदूबाईच्या भातशेतीत खारं पाणी शिरलं. गोदूबाई म्हणजे आत्मारामच्या आईची मैत्रीण. लहानपणी हा जत्रेत तिच्याच खांद्यावर बसून हिंडलेला. तिचं त्या साली भात गेलंच होतं. पुढच्या पावसाळ्याआधी बांध पुरेसा उंच झाला नाही, तर शेत कायमचं खाडीत जमा होणार होतं. म्हणून दिवाळी झाल्यावर ती कार्यालयात आली, हातात सुंभ घेऊन. सुंभ म्हणजे आपला काथ्याचा दोर, त्याला मध्येच एक गाठ.

"ह्या बग आत्मारामा," ती म्हणाली, "पाणी चढला तवा बांधाच्या बुडापासनं थोरल्या भेंडीच्या झाडाला सुंभ लावलाय. पाण्याच्या वर हातभर सोडून गाठ मारलंय. बांध ह्या गाठीला लागला पायजे. खाली नाय चालायचा."

आत्मारामनं टेप लावली. गाठ सव्वाआठ फुटांवर होती. मग त्यानं भरतीची उंची, लाटेचा जोर, मातीची बसकण असं सगळं एका समीकरणात घातलं, उंचीला 'एच' म्हटलं आणि कागदाच्या पाठीवर ते सोडवलं. पंधरा मिनिटं लागली. उत्तर आलं सव्वाआठ फूट. गडी इतका खूश झाला की त्यानं स्वतःहून दोन चहा सांगितले. त्या कार्यालयात हे क्वचित घडे.

आता सुंभाचं काय करायचं? मुख्य लिपिक भिकाजी म्हणाले, "ह्याला आवक क्रमांक देता येत नाही. शिक्का कुठं मारू, गाठीवर?" फायलींच्या नाड्या मागणीपत्र देऊनही दीड वर्ष आल्या नव्हत्या. भिकाजींनी त्याच सुंभानं गोदूबाईची फाईल करकचून बांधली आणि म्हणाले, "बघा बाई, तुमची वस्तू लगेच कामाला लागली."

प्रस्ताव साहेबांकडे गेला आणि त्याच आठवड्यात वरून परिपत्रक आलं. यापुढे कोणतेही समीकरण हाताने सोडवू नये. संगणकाने सोडवलेले समीकरण सोबत नसल्यास प्रस्तावाचा विचार होणार नाही. भिकाजींनी सुंभ सोडला, परिपत्रक फायलीत लावलं, सुंभ बांधला.

संगणक होता. त्याला स्वतंत्र खोली होती, वातानुकूलन होतं आणि दाराशी चपला काढायची पाटी होती. देवळात चपला चोरीला जातात म्हणून लोक तिथं घालून शिरतील, इथं कुणाची हिंमत नव्हती. संगणकात शास्त्रीय लेखनाचा एक प्रोग्रॅम होता. अहवाल टाइप करता करता वर्गमुळं आणि ग्रीक अक्षरं छापील पुस्तकासारखी उमटत. शिवाय बीजगणिताची एक वेगळी फ्लॉपी होती. ती लेखनाच्या प्रोग्रॅमला जोडली, की अहवालात लिहिलेलं समीकरण तो स्वतः सोडवून उत्तर खाली छापणार, असं उद्घाटनाच्या भाषणात तरी सांगितलं होतं.

यंत्राला हात लावण्याचा अधिकार फक्त दमयंतीबाईंना. त्यांचं मुंबईला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, पैकी दोन दिवस सत्काराचे. बाईंनी समीकरण सुरेख टाइप केलं, फ्लॉपी घातली, कळ दाबली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत इंग्रजी ओळ आली: एचची व्याख्या केलेली नाही.

"अहो, एच तर काढायचाय!" आत्माराम ओरडला. "तो आधीच माहीत असता तर ह्या डबड्याला कशाला विचारलं असतं?"

"मला नका सांगू," बाई म्हणाल्या. "त्याला सांगा."

मग दुरुस्ती सुरू झाली. बाईंनी फ्लॉपीवर फुंकर मारली. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. साहेबांनी निदान केलं, की यंत्राचं तोंड दक्षिणेला आहे. ते पूर्वेला फिरवलं. ओळ तीच आली, फक्त पडद्यावर ऊन पडल्यामुळे ती वाचता येईना.

मुंबईहून कंपनीचा इंजिनियर आला. त्यानं दोन मिनिटं पाहिलं. "काही बिघडलेलं नाहीये. कुठल्या अक्षराची किंमत हवी ते समीकरणाखाली लिहावं लागतं. कसं लिहायचं ते पुस्तिकेत आहे."

"मग दाखवा ना करून."

"माझ्या करारात यंत्र आहे. फ्लॉपी दुसऱ्या कंपनीची." एवढं बोलून तो मांडवीला सुरमई खाऊन संध्याकाळच्या एस्टीनं परत गेला.

पुस्तिका कपाटात होती, पण प्लास्टिकच्या वेष्टनात. जडसंग्रह नोंदवहीत तिची नोंद 'पुस्तिका, वेष्टनासह, एक' अशी. वेष्टन फाडलं, तर कपाटातली वस्तू आणि नोंदीतली वस्तू जुळणार नव्हती. "तपासणीत मला धरतील," भिकाजी म्हणाले. "सव्वीस वर्षांत मी एक वेष्टन फाडलेलं नाही." सुंभ जळेल, पण भिकाजींचा पीळ जळणार नाही, हे आत्मारामला ठाऊक होतं.

शिवाय भिकाजींचं म्हणणं असं, की पडद्यावर आलं ते उत्तर नसून शेरा आहे, आणि शेऱ्याची पूर्तता करावी लागते. "एचची व्याख्या करायला आपण कोण? तो अधिकार वरिष्ठ कार्यालयाचा." त्यांनी सुंभ सोडला, शेऱ्याची टिपणी लावली, सुंभ बांधला आणि पत्र पाठवलं: एच म्हणजे काय, हे कृपया कळवावे.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. 'उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, एच म्हणजे एच असे समजण्यास या कार्यालयाची हरकत नाही.'

पत्र जसंच्या तसं यंत्राला कळवणं भाग होतं. दमयंतीबाईंनी व्याख्येच्या जागी टाइप केलं, एच बरोबर एच. कळ दाबली. यंत्रानं क्षणभर घरघर केली आणि छापलं: उत्तर, एच बरोबर एच.

साहेबांना भरून आलं. "शिवलकर, तुमच्या त्या सव्वाआठवर कुणीही उठून हरकत घेतली असती. ह्याच्यावर घेऊन दाखवा म्हणावं!"

"पण साहेब, फूट किती?"

"मंजूर उंची एच. त्यात फूट आणून वाद वाढवू नका."

आत्मारामला राग आला. इतका आला, की तो बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आला. पण नोकरीत कायम होण्याचा त्याचा कागद साहेबांच्याच टेबलावर पडला होता. त्यानं सुंभ सोडला, 'सादर' असं लिहून सही केली, सुंभ बांधला. बांधताना गाठ त्याच्या अंगठ्याखाली आली. त्यानं ती आत दाबली.

काम बाबल्या ठेकेदाराला मिळालं. बाबल्या अलोऱ्याच्या बाजूला मातीकाम केलेला, अनुभवी माणूस. त्यानं विचारलं, "एच म्हंजे किती फूट वो?"

"एच म्हणजे एच," आत्माराम म्हणाला. खाली बघून म्हणाला.

बाबल्या समजूतदार. त्यानं माती पुरली तेवढा बांध घातला. आत्मारामच्या टेपेवर सहा फूट भरले. मापपुस्तकात मात्र चोख नोंद झाली: मंजूर उंची, एच. प्रत्यक्ष उंची, एच. तफावत, नाही. दूरवर गोदूबाई उभी होती. "झाला ना रे बरोबर?" तिनं हाक मारून विचारलं. आत्मारामनं हात हलवला. तो हो म्हणून होता की निघतो म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

नारळी पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आलं. समुद्रानं परिपत्रक वाचलेलं नव्हतं. पाणी बांधावरून असं आत उतरलं, जसं काही घर त्याचंच. लावणी केलेलं सगळं भात आठ दिवसांत पिवळं पडून बसलं. ते शेत गेलं. आजही तिथं खेकडे धरतात.

चौकशी लागली. चौकशी समितीनं कुणालाही दोषी धरलं नाही, कारण बांध मंजूर उंचीपेक्षा बोटभरही कमी नव्हता. तरी लोकभावना लक्षात घेऊन समितीनं नवी उंची सुचवली: एच अधिक एक.

गोदूबाई कार्यालयात आली. रडली नाही, भांडली नाही. सरळ आत्मारामच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"माजा सुंभ दे."

उत्तर भिकाजींनी दिलं. "सुंभ मिळणार नाही, बाई. त्यानं फाईल बांधलीय, आणि फाईल चौकशीत आहे."

गोदूबाईनं फायलीकडे पाहिलं. आत दाबलेली गाठ पुन्हा वर आली होती, अगदी समोर. "वरसभर हिच्याच उरावर होता," ती म्हणाली. "आत्मारामा, तू मोजलास ना रे? माज्यासमोर मोजलास."

आत्मारामनं तोंड उघडलं, पण भिकाजींनी समितीचा अहवाल पुढं केला. त्यानं मुकाट्यानं सुंभ सोडला, अहवाल लावला, सुंभ बांधला. गोदूबाई तेवढं बघून गेली.

तुम्ही हसलात, बरं केलंत. भिकाजींना हसलात, साहेबांना हसलात, आत्मारामला तर दोन शिव्याही दिल्या असतील. पण भिकाजींनी फायलीला काय बांधलं, हे मी तुमच्यापासून लपवलं नव्हतं. त्यानंतर तो सुंभ तुमच्या डोळ्यांसमोर चार वेळा सुटला आणि चार वेळा बांधला गेला. एकदा तरी म्हणालात का, "अरे, ती गाठ बघा की"?

बरं, गाठ किती फुटांवर होती, ते तरी सांगा. मागं जाऊन बघू नका. गोदूबाईला मागं जायची सोय नव्हती.