लातूर–नांदेड, लवकरच

दुपारचा एक वाजला की गीतांजलीच्या घरातून लातूर–नांदेड गाडी सुटायची.

गाडी मोबाइलच्या गेममधली होती. चालक तिचे सासरे ईश्वरप्पा, एसटीत एकतीस वर्षं स्टेअरिंग धरून निवृत्त झालेले. वाहक व्यंकटीमामा, अप्पांच्याच गाडीवर बावीस वर्षं घंटी मारलेले आणि आता समोरच्या गल्लीत राहणारे. आणि एकुलती एक प्रवासी म्हणजे चार वर्षांची शिवानी, तोंड घट्ट मिटून बसलेली. हे तोंड उघडण्याचा जगात एकच मार्ग होता. अप्पांनी सोफ्यावर बसून मोबाइलात गाडी चालवायची, मामांनी मागं उभं राहून "टिंग टिंग" करायचं आणि थांबा आला की ओरडायचं, "चाकूरवाले, आ करा!"

चाकूरला वरणभात. शिरूर ताजबंदला पोळी. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबे, तिथं नावडती भाजी. मधले विनंती थांबे धरून एकूण सव्वीस घास. गीतांजलीनं मोजले होते. लेकरू झोपेत श्वास किती वेळा घेतं हेही तिनं मोजलेलं होतं, मग घासांचं काय! सव्विसावा घास नांदेडचा, म्हणजे 'पप्पाचा'. शिवानीचा बाप रामलिंग नांदेडला नोकरीला होता, शनिवारी तेवढा घरी यायचा. नांदेड आलं की त्याचा व्हिडिओ कॉल लागे. तो विचारी, "जेवली का?" आणि गीतांजली रिकामी वाटी एखाद्या ढालीसारखी कॅमेऱ्यासमोर धरी.

एका मंगळवारी तो गेम आपल्या आपण नवा झाला आणि लाल गाडी गेली.

ती गाडी मुळात गेमवाल्यांची नव्हतीच. त्यांच्या गाड्या परदेशी. आपली लाल गाडी, तिची पाटी, खिडकीचे गज, 'महिलांसाठी राखीव' हे सगळं कुणीतरी हौसेनं घरी बसून बनवलेलं होतं आणि चॅनेलवर फुकट ठेवलेलं होतं. अशा जोडकामाला मॉड म्हणतात, हे गीतांजलीला अप्पांनीच शिकवलं होतं. बनवणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. चॅनेलचं नाव तेवढं 'रेणापूर आगार'. नव्या गेममध्ये जुना मॉड चालेना, आणि चॅनेलवर एकच ओळ झळकू लागली : 'लातूर–नांदेड, नवीन गाडी, लवकरच.'

"तोवर ही दुसरी चालवा ना, अप्पा," गीतांजली म्हणाली. गेमनं स्वतःची एक निळी गाडी उभी करून ठेवली होती.

अप्पांनी चष्मा पुसून ती नीट पाहिली. "डाव्या अंगाला स्टेअरिंग हाय, पोरी. दार उजवीकडं. पाशिंजर काय डिव्हायडरवर उतरवू?"

"गेम आहे हो, अप्पा."

"एकतीस वर्षांत एक अपघात न्हाई माझ्या नावावर. असली गाडी म्या आगाराबाहीर काढनार न्हाई."

शिवानीनंही तोंड बंद केलं. त्या दिवशी तीन घास गेले. रामलिंगचा फोन आला तेव्हा गीतांजलीनं सकाळची रिकामी वाटी दाखवली.

मग वाट पाहणं सुरू झालं. चॅनेलखाली शेकडो लोक ताटकळलेले होते. 'दादा कधी?' 'भाऊ तारीख सांगा.' 'दादा जिवंत आहे का?' आठव्या दिवशी 'दादा'नं लिहिलं : 'काम ९५ टक्के झाले आहे.' घरात पेढे वाटायचेच बाकी राहिले. अकराव्या दिवशी लिहिलं : 'काम ९३ टक्के झाले आहे.'

"आँ?" व्यंकटीमामा म्हणाले. "गाडी रिव्हर्समदी येऊन राहिली काय, ईश्वरप्पा?"

इकडे वजनकाट्यावर शिवानी चौदा किलोवरून तेरा किलो सहाशेवर आली होती. गीतांजली दिवसातून चार वेळा तिला काट्यावर उभी करी. एकदा काट्याचा सेल बदलला, एकदा काटा दुसऱ्या फरशीवर ठेवला. तेरा सहाशे. त्या दुपारी सतरावा घास थुंकला गेल्यावर तिचा तोल सुटला. रेसिपी बघण्यासाठी तिनं 'मायेचा घास' या नावानं एक खातं काढलं होतं, त्यावरून तिनं चॅनेलखाली ठणकावलं : 'झेपत नसेल तर जाहीर कशाला करता? तुमच्यामुळे लेकरं उपाशी आहेत! जरा लाज बाळगा.'

तासाभरात दोनशे बारा लोकांनी अंगठा दिला. गीतांजलीला बारावीच्या निकालानंतर इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी 'रेणापूर आगार'वर ओळ आली : 'घरगुती कारणामुळे काम बंद ठेवले आहे.'

"कुन्या येड्यानं काय तरी लिवलं असनार," अप्पा म्हणाले. "कामगाराला असं बोलत्यात का?"

गीतांजली कोथिंबीर निवडू लागली. ती आधीच निवडलेली होती.

अप्पा मात्र संघटनेत वाढलेला माणूस. त्यांनी कागद मागवला. "लिही पोरी. विषय : लातूर–नांदेड गाडी पूर्ववत सुरू करणेबाबत. महोदय, सात दिवसांत गाडी न सुटल्यास आपल्या दारात आमरण उपोषणास बसनार."

"अप्पा, आमरण नको. तुम्हाला शुगर आहे."

"बरं. लाक्षणिक लिही. आन् खाली, प्रत माहितीस्तव, व्यंकटी."

"मी हितंच तर उभा हाय," व्यंकटीमामा म्हणाले.

"तरी प्रत लागती."

निवेदन झालं, पण द्यायचं कुठं? इथं गीतांजलीची नजर कामाला आली. जुन्या गाडीचे अप्पांनी फोटो काढून ठेवले होते. तिनं ते मोठे करकरून पाहिले. गाडीच्या मागच्या काचेखाली एक इवलीशी जाहिरात रंगवलेली होती : 'केवळाबाई पिठाची गिरणी, रेणापूर.'

"सापडला!" मामा म्हणाले. "गिरनीवाला हाय लेकाचा."

आठवडा संपायची वाट बघण्याइतका धीर कुणालाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे खऱ्या एसटीनं रेणापूरला निघाले. अप्पांच्या काखेत सतरंजी, मामांच्या हातात निवेदन, गीतांजलीच्या कडेवर शिवानी आणि पिशवीत वरणभाताचा डबा. 'दादा'ला काय काय सुनावायचं हे तिनं रस्ताभर मनात घोकलं होतं.

गिरणी चालू होती. धडधड धडधड आवाजात पाचसहा बायका धान्याचे डबे घेऊन पोत्यांवर बसल्या होत्या. चक्कीपाशी भुवयांपर्यंत पांढरी झालेली एक म्हातारी उभी होती. त्याच केवळाबाई.

"दादा कुठं हायत?" अप्पांनी गिरणीवर आवाज चढवून विचारलं.

"कोन दादा?"

"एसटी बनविनारे!"

"एसटी व्हय? मग आमच्या सुनंला इचारा की. आन् सतरंजी कशाला आनलाव? झोपनार हाव का हितं?"

"उपोषनाला बसनार हाव," अप्पा ताठ होऊन म्हणाले.

"उपाशीपोटी? ह्या उन्हात? आदी दोन भाकरी खावा. मग बसा किती बसायचं ते."

मराठवाड्यात असं म्हणणाऱ्या बाईपुढं कुणाचं चालत नाही. पिठलं-भाकरी, ठेचा, वर ताक. उपोषण जेवणानंतर सुरू होईल असं मामांनी जाहीर केलं आणि आणखी अर्धी भाकरी घेतली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून 'दादा' बाहेर आला. 'दादा'नं गाऊनवर ओढणी घेतली होती, केसांत भात होता आणि कमरेवर दीड वर्षांचं एक लेकरू मन लावून रडत होतं. ही दीपमाला. कॉम्प्युटरचं शिक्षण झालेली, गिरणीवाल्या केवळाबाईंची सून. लेकराचं नाव आनंदराज, पण नावातलं काहीच त्याच्या तोंडावर दिसत नव्हतं.

"सॉरी हो काका," निवेदन वाचून ती म्हणाली. "हा मांडीवर बसतो न् की-बोर्ड बडवतो. मागं पंच्यान्नव टक्के झालं होतं, यानं पुढची दोन चाकं उडवली."

"म्हनून त्र्यान्नव!" मामांना आता उलगडा झाला.

"तरी मी रेटत होते. पण मग एका बाईची कमेंट आली. 'मायेचा घास' म्हणून आहे कुणी. लिहिलं होतं, तुमच्यामुळं लेकरं उपाशी आहेत, लाज बाळगा." दीपमालानं लेकराला दुसऱ्या कमरेवर घेतलं. "मी याच्याकडं बघितलं. खरंच होतं की! माझंच लेकरू उपाशी. त्या बाईला कसं कळलं कोण जाणे. तेव्हापासून काम बंद करून दिवसभर याला भरवत बसले. हा खात नाही तो नाहीच, आणि गाडीपण गेली."

"कोन ती भवानी?" केवळाबाई कडाडल्या. "समोर आली तर चक्कीत घालते तिला!"

गीतांजलीनं हातातला मोबाइल हळूच वरणभाताच्या पिशवीत, अगदी तळाशी सारला. ओठांवर आलेलं सगळं भाषण तिनं गिळलं. त्या दिवशी घरातल्या कुणी एवढा मोठा घास गिळला नव्हता.

"ताई," ती एवढंच म्हणाली, "याला आमच्याकडं द्या. तुम्ही काम करा." आणि सासऱ्यांकडं वळली. "अप्पा, गाडी काढा."

"कंची गाडी? मोबाइलात कुठं हाय?"

गीतांजलीनं केवळाबाईंचं रिकामं ताट उचलून अप्पांच्या हातात दिलं.

अप्पांनी ताटाकडं पाहिलं. मग गिरणीकडं कान दिला. धडधड धडधड. त्यांचा चेहरा बदलला. "व्यंकटी, आईकलास का? आपल्या जुन्या गाडीचं इंजीन!" ते पुढच्या पोत्यावर चढून बसले, ताट दोन्ही हातांनी धरलं, उजव्या पायानं पोतं दाबलं. मामांनी दाराची कडी दोनदा वाजवली.

"नांदेड, नांदेड! पुढं सरका, मधी थांबू नका!"

पोत्यांवरच्या बायका खरोखरच सरकल्या. एकीनं तर विचारलं, "चाकूरला थांबती का?"

"थांबती. डबा मांडीवर घ्या, बाई."

शिवानी आनंदराजला घेऊन अप्पांच्या मागच्या पोत्यावर बसली आणि त्याला अनुभवी प्रवाशासारखं समजावून सांगू लागली, "चाकूर आलं की आ करायचं. नाहीतर उतरवतेत."

चाकूरला दोघांनी आ केला. शिरूर ताजबंदला केला. अप्पा तोंडानं गिअर टाकत होते, वळणावर अख्खे वाकत होते, आणि त्यांच्याबरोबर सहा बायका, चार डबे, दोन लेकरं वाकत होती. केवळाबाईंनी एकीचं दळण संपलं तरी चक्की चालूच ठेवली, कारण म्हणे मधेच इंजीन बंद पडलं असतं. गीतांजली दोन वाट्या घेऊन थांब्याथांब्याला धावत होती आणि मोजत होती. चोवीस, पंचवीस, सव्वीस. नांदेड! दोन्ही वाट्या रिकाम्या. अप्पांच्या मोबाइलवर रामलिंगचा फोन आला तेव्हा पिठानं पांढऱ्याफटक झालेल्या बायकोनं त्याला दोन वाट्या दाखवल्या. "दोनदा जेवली?" त्यानं विचारलं.

आत दीपमालाचं काम सुसाट चाललं होतं. एकदाच ती बाहेर डोकावली, अप्पांच्या गिअरचा आणि हॉर्नचा आवाज मोबाइलात भरून घेऊन गेली. पाच वाजेपर्यंत गाडीनं नांदेडच्या तीन फेऱ्या केल्या होत्या आणि दोन्ही लेकरं पोत्यावर गाढ झोपली होती. सव्वापाचला नवी गाडी चॅनेलवर लागली. उपोषण यशस्वी झाल्याचं मामांनी जाहीर केलं.

परतीच्या एसटीत गीतांजलीनं पिशवीच्या तळातून मोबाइल काढला. वरण पुसलं. मन खात होतं. 'मायेचा घास'वरूनच तिनं लिहिलं : 'ताई, माझं चुकलं. पुढच्या वेळी सावकाश होऊ द्या.'

मिनिटभरात खाली कुणीतरी लिहिलं : 'तुमच्यासारख्यांनी लाडावल्यामुळेच उशीर होतो!' त्याला तीनशे अंगठे.

दुसऱ्या दिवशी एक वाजला. अप्पा सोफ्यावर, मामा मागं, मोबाइलात लखलखीत लाल गाडी. इंजीन गिरणीचं, हॉर्न खुद्द अप्पांच्या तोंडचा. गीतांजलीनं वाटी भरली. शिवानीनं मोबाइलात डोकावून बघितलं आणि तोंड मिटलं.

"ही नको. ताटाची पाहिजे."

"ताटाची बंद झाली, राणी," अप्पा मान वर न करता म्हणाले. "नवी गाडी आली की आता."

"ताटाची!"

"अप्पा, पाचच मिनिटं ताट घ्या ना हातात," गीतांजली काकुळतीला आली.

"चालत्या गाडीत चालकाशी बोलू नाय," व्यंकटीमामा म्हणाले. तेही खांद्यावरून मोबाइलात घुसले होते.

गीतांजलीचा मोबाइल वाजला. नव्या गाडीखाली कुणीतरी लिहिलं होतं : 'गाडी उत्तम आहे. पण लातूर–औसा कधी? किती वाट बघायची माणसानं?' नाव होतं, ईश्वरप्पा चालक, सेवानिवृत्त. तिनं समोर पाहिलं. अप्पा गंभीर चेहऱ्यानं गाडी चालवत होते.

तिनं सुस्कारा टाकला, ताट उचललं, स्टुलावर बसली आणि पायानं फरशी दाबली. बी.एस्सी.ला तिला फिजिक्समध्ये फर्स्ट क्लास होता. ती तोंडानं "घुर्रर्र" करू लागली. चाकूर गेलं. शिरूर ताजबंद गेलं. अहमदपूरला वाटीतला भात संपला, आणि पुढच्या भातासाठी लावलेल्या कुकरची अजून एकही शिट्टी झालेली नव्हती.

शिवानी आ वासून बसली होती. "आई, नांदेड कधी येनार?"

गीतांजलीनं कुकरकडं पाहिलं, रिकाम्या वाटीकडं पाहिलं आणि ताट घट्ट धरत म्हणाली, "लवकरच."