संवादाचा नारळ

अनुपमची बायको रुसून माहेरी जाऊन बसली होती, आणि माहेर दोन गल्ल्या सोडून होतं. बायकोने रुसून नागपूरला जावं, भोपाळला जावं. इतक्या जवळ रुसलेली बायको फार त्रासाची. तिच्या फोडणीचा वास येतो, भाजी मिळत नाही.

कारण गणपती. हिंदी मुलखातल्या महाराजपुरात मराठी मंडळाचे मागेच दोन तुकडे झाले होते, तेही महाप्रसादाला मसालेभात असावा की वडाभात, यावरून. मसालेभाताचे पुढारी अनुपमचे वडील, भय्यासाहेब. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले होते आणि भय्यासाहेब अजून त्यांच्या वतीने रुबाब करत. वडाभाताचे पुढारी अंबादास, विदर्भातून आलेले व्यापारी आणि अनुपमचे सासरे. गीतांजलीने दोन्हीकडच्या आरत्या म्हणून पाहिल्या, दोन्हीकडचे टोमणे खाल्ले आणि बॅग भरली.

"एक मांडव, एक गणपती. तेव्हाच घरी येईन," ती म्हणाली. "तब तक फोन भी मत करना."

गंमत अशी की भांडणं मिटवणं हा अनुपमचा पोटापाण्याचा धंदा होता. त्याची संस्था भांडलेल्या गावांना गोल बसवून बोलतं करी. पद्धत ठरलेली. एक वस्तू फिरवायची, ती ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं. गावोगाव ही वस्तू म्हणजे काठी असे. पण या मंडळींच्या हातात काठी द्यायची अनुपमची छाती होईना. त्याने देवघरातला नारळ उचलला, आणि तिथेच चुकलं.

रविवारी दोन्ही गटांचे पुरुष भय्यासाहेबांच्या गच्चीवर गोल करून बसले. बायका खाली चहा-पोह्यांत होत्या. अनुपमने नियम समजावले आणि नारळ आधी वडिलांच्या हातात दिला.

चारचौघांत हातात नारळ आला की मराठी माणसाला एकच गोष्ट कळते. आपला सत्कार होतो आहे. भय्यासाहेबांनी नारळ कपाळाला लावला, उभे राहिले, खाकरले.

"माझ्यासारख्या सामान्य माणसाचा आपण हा जो गौरव केलात..."

"बाबा, गौरव नाहीये हा. तुम्हाला काय खुपतं ते बोला."

"आधी आभार नको मानायला? काही रीतभात?" भय्यासाहेब गुरकावले आणि त्यांनी आपल्या बालपणापासून सुरुवात केली.

अंबादास ताडकन उठले. "थांबा! यांचाच सत्कार काहून? आमची माणसं का तमाशा पाहून राहिली?"

"मामाजी, यांच्यानंतर हा नारळ तुमच्याकडेच येणार आहे."

"यांचा उष्टा नारळ मी घेऊ?"

दुसरा नारळ आणावा लागला. मग तिसऱ्याला का नाही, असं निघालं. कोपऱ्यावरच्या दुकानातले नारळ संपले, पुढच्या दुकानातले आले. नुसता नारळ बरा दिसत नाही, असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा अनुपमच्या आईने, विनताबाईंनी, कपाटातून नवऱ्याच्या जुन्या सत्कारांच्या शाली काढून दिल्या. अंबादासांच्या पत्नी सत्यभामाबाई कुंकवाचा करंडा घेऊन सगळ्यांना टिळे लावत फिरल्या. भय्यासाहेबांच्या निवृत्तीची शाल नेमकी अंबादासांच्या खांद्यावर पडली. भय्यासाहेब तिच्याकडे हळहळून पाहत राहिले.

मनात साठलेलं सगळं ओकायला अंबादास उभे राहिले आणि अडकले. अंगावर शाल असताना शिवी देता येत नाही.

"आता... भय्यासाहेबांच्या इथला मसालेभात," ते चाचरत म्हणाले, "म्हणजे... तसा... वाईट नाही राहत."

भय्यासाहेबांचे डोळे पाणावले. "अंबादासजी, वडाभातात तुमचा हात कोणी धरणार नाही," ते म्हणाले.

मग प्रत्येकजण नारळ पोटाशी धरून समोरच्याची स्तुती करू लागला. एक मांडव ठरला, एक गणपती ठरला, दोन्ही भात ठरले. व्याही एकमेकांच्या गळ्यात पडले. मंडळी घरोघरी गेल्यावर अनुपमने फोन लावला.

"गीतू, झालं! एकच गणपती. चल, ये घरी."

"कळलं. सगळ्यांचा सत्कार झाला म्हणे," गीतांजली म्हणाली. "तुझ्या आईचा झाला? माझ्या आईचा?"

शाली काढणाऱ्या, टिळे लावणाऱ्या, चहाचे ट्रे घेऊन जिना चढणाऱ्या बायकांना नारळ द्यायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. अनुपमच्यासुद्धा.

"आता बायकांचा गणपती वेगळा बसेल. दोन्हीकडच्या मिळून. महाप्रसादाला भातच नाही, पुरीभाजी. आणि माझी अट तीच. एक मांडव, एक गणपती."

"अगं, पण अध्यक्ष कोण?"

"तुझी आई. इथेच आहेत, राहायलाच आल्यात. देऊ?"

अनुपमने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. गॅस बंद होता, ओटा लखलखीत पुसलेला होता.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. आली! तो धावत सुटला. दारात अंबादास उभे होते, हातात कपड्यांची पिशवी.

"तिकडं बायांची मीटिंग चालू आहे. मले म्हणे, बाहेर व्हा," ते म्हणाले. "म्हटलं, चलो, आता आपण एकच आहो. जावईबापू, माझा बिस्तर कुठं लावता?"

आतून भय्यासाहेबांचा आवाज आला, कधी नव्हे इतका प्रेमळ. "या, या, अंबादासजी! अनुपमच्याच खोलीत झोपा. पलंगावर एक बाजू रिकामीच आहे."