सोपानमामाचा काळा पट्टा

सोपानमामाच्या दुकानात शिरणाऱ्याला 'या, बसा' म्हणायची रीतच नाही. मामा चष्मा कपाळावर ढकलतो आणि खेकसतो, "किती व्होल्ट?" एकदा लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्यालाही त्यानं हेच विचारलं. तो बिचारा पत्रिका उंबऱ्यावर ठेवून पळाला.

सोनपेठच्या बाजारगल्लीत मामाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. तिथून तीन दुकानं सोडून मी ब्लाऊज शिवते. तो माझा सख्खा मामा नाही, गावाचाच मामा. बायको वारली, पोरगी पुण्याला दिली, आणि रेडिओ तर आता कुणी दुरुस्त करतच नाही. तरी तोरा बघावा! माझंही डोकं काही थंड नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं आमचं बोलणं बंदच होतं.

दिवाळीनंतर आमच्या मेंढरांत जीप घुसली. दिवेलागणीला बाबा कळप घेऊन डांबरी रस्त्यानं यायलेले. पाच मेंढरं जागीच गेली, बाबांचा पाय थोडक्यात वाचला. जीपवाला मुडदा थांबलासुद्धा नाही! आणि आठ दिवसांत बाबांना कळप घेऊन महिनाभर नदीकाठानं चारणीला निघायचं होतं. "जाऊ नका," म्हटलं तर म्हणाले, "मेंढरं काय घरात कोंडून पाळायची का?"

मग मी हट्टानं ठरवलं, मेंढरांच्या गळ्यात दिव्यांचे पट्टे घालायचे. पुढं चालणाऱ्या बोकडाला निळा, मागच्या मेंढरांना लाल. म्हणजे गाडीवाल्याला कळप दिसेल आणि बाबांना कळपाचं तोंड कुठं आहे ते कळेल. परभणीहून एलईडी आणले. मोबाइलवर बघून आधी सगळे रंग टेबलावर एकत्र जोडले, तीन सेलवर, सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर. लाल पेटले. निळे ठार मेलेले.

नाक मुठीत धरून मामाकडं गेले. त्यानं माझी जोडणी बघितली, पक्कड घेतली आणि कचाकच तारा तोडल्या.

"ब्लाऊज शिवतीस नं तू? नवरीच्या मापाचं सासूला घालतीस का?"

"मामा, तोंड सांभाळून बोला!"

"लालला दोन व्होल्ट पुरतात, निळ्याला तीन लागतात. एका दाव्याला बांधलं की लालच सगळा करंट पितो, निळा उपाशी. ज्याला त्याला आपापला रेझिस्टर पाहिजे! तीन सेलचे साडेचार व्होल्ट, त्यातून रंगाचे वजा कर, उरलेले रेझिस्टरच्या बोडक्यावर टाक!"

"मी दिवे मागायले, शिकवणी न्हाई!"

"मग मेणबत्ती बांध मेंढराला!"

दात-ओठ खात मी रोज जात राहिले. बापाचा प्रश्न होता, करते काय! मामा मोठेच रेझिस्टर निवडायचा. "लख्ख उजेड फजूल हाय. मेंढरं काय वरातीत चाललीत? रेझिस्टर मोठा, करंट कमी, उजेड बेताचा. पण महिनाभर सेल बदलायला नको." निळ्याला तीनशे तीसचा रेझिस्टर. त्याच्यावर रंगाचे पट्टे असतात, नारंगी, नारंगी, तपकिरी. हे माझ्याकडून शाळेतल्या पाढ्यासारखं वदवून घेतलं. तिसरा पट्टा काळा असला की तो नुसता तेहतीसचा. एकदा चुकून माझ्या हातात काळा आला, तर मामानं सगळी डबी गल्लीत भिरकावली. "आठ दिवसांत सेल ठार! अक्कल गहाण टाकली का?" भर बाजारात रेझिस्टर वेचताना मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पट्टे झाले. निघायच्या दिवशी मामा न बोलावता मेंढरांच्या वाड्यावर आला, बाबांच्या काठीला जादाचा म्हणून एक निळा दिवा जोडला आणि निघून गेला.

आठ दिवसांनी भाकरी-पीठ द्यायला मी बाबांच्या तळावर गेले. अंधारून येत होतं, कळप रस्त्यानं तळाकडं परतत होता. बोकड निळा, मागं लाल ठिपक्यांची रांग. समोरून टेम्पो आला, लांबूनच हळू झाला, थांबला. माझे डोळे भरून आले. फक्त बाबांच्या काठीचा दिवा विझलेला. उघडून बघितला. नारंगी, नारंगी, काळा!

माझं टाळकंच सटकलं. मला भर बाजारात वेचायला लावलं आणि स्वतः? दुसऱ्या दिवशी काठी घेऊन तरातरा दुकानात शिरले आणि त्याच्या टेबलावर आपटली.

"हे काय हाय मामा? डोळे गेले का तुमचे?"

मामानं वाकून बघितलंही नाही. "डोळे शाबूत हायत," म्हणाला. स्टुलावरचा पसारा उचलला. "बस. चहा सांगतो. कुठवर गेली मेंढरं? बोकड पट्टा चावतो का? बापाचा पाय कसा हाय?"

"ते राहू द्या. काळा का टाकला?"

तो सोल्डरची तार उगाच उलगडत बसला. "काम झालं की कोण येतंय इकडं?" म्हणाला. "आठ दिवस तू भांडायला यायलीस तर बरं वाटत होतं."

मला त्याचा राग आला, त्याहून माझा जास्त. तीन दुकानं सोडून बसते मी!

मामानं नवे सेल घातले, डबी उघडली. बोटं तपकिरीवरून गेली, काळ्यावर थांबली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी चहा पीत राहिले. त्यानं काळाच जोडला.

"आठ दिवसांनी परत विझला तर लय भांडंन," मी म्हटलं.

"भांड की," मामा म्हणाला.