थांबवून सोडण्याची सोय

एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या प्रोग्रामरबाईंना रजा हवी होती. यात गैर काही नव्हतं. रजेची तरतूद नियमांतच होती, आणि तरतूद असलेली गोष्ट मागू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. सोमवारी नवरा आणि लेकीबरोबर समुद्रावर जायचं होतं. लेकीने प्लास्टिकची बादली आणि फावडं केव्हाच पिशवीत भरलं होतं, आणि रोज ती पिशवी उशाशी घेऊन झोपत होती.

रजा मंजूर करणारा प्रोग्राम कंपनीचाच होता. तो कितीतरी कचेऱ्यांना विकलेला होता. बाईंनी अर्ज भरला. पडद्यावर चक्र फिरू लागलं आणि फिरतच राहिलं.

बाईंनी डीबगर लावला. चालता प्रोग्राम मध्येच अडवून ‘काय चाललंय?’ असं विचारणारं हे साधन. प्रोग्रामच्या पोटात अनेक थ्रेड एकाच वेळी राबत असतात. एका खोलीतले कारकूनच म्हणा. रजेचा थ्रेड रजेची फाइल घट्ट धरून बदली माणसाच्या फाइलसाठी थांबला होता. बदलीचा थ्रेड ती फाइल धरून रजेच्या फाइलची वाट पाहत होता. हातातली खाली ठेवायला कोणी तयार नव्हतं. दोघंही नियमाला धरून होते, त्यामुळे भांडणही नव्हतं.

बाईंनी स्क्रिप्ट लिहून डीबगरला एक छोटं प्लगइन जोडलं. ते सगळ्या थ्रेडना जागच्या जागी थांबवायचं, कोण कोणासाठी खोळंबलाय ते दाखवायचं, आणि कळ दाबली की एकालाच पुढे सोडायचं. एकटा सुटलेला थ्रेड दोन्ही फायली घेऊन काम उरकायचा आणि गुमान परत ठेवायचा. तुंबलेले अर्ज भराभर निघाले. बाई खूश झाल्या आणि तिथेच चुकल्या, कारण त्यांनी हे साहेबांना दाखवलं.

"वा! म्हणजे प्रॉब्लेम सुटला," साहेब म्हणाले.

"नाही सर, सापडलाय. आता मूळ प्रोग्राममध्ये दोन ओळी बदलल्या की झालं."

"प्रोग्राम बदलायचा म्हणजे मंजुरी लागते. प्लगइनला लागते का?"

"नाही. ते नुसतं तपासायचं साधन आहे."

"मग तपासणी चालू असताना प्रोग्राम नीट चालतो, तर तपासणी बंद कशाला करायची?"

डीबगर सगळ्या ग्राहकांसाठी कायमचा जोडण्यात आला.

"निदान कळ तरी आपोआप दाबली जाऊ दे," बाई म्हणाल्या. "एक ओळ लिहिली की होईल."

"छे छे! माहितीपत्रकात आपण ‘प्रत्येक अर्जावर मानवी देखरेख’ असं छापलंय. लोकांना ते फार आवडलंय."

तो मानव म्हणजे बाई. काम नवं, म्हणून त्यांच्या रजेला आता नव्याने बदली माणूस लागणार होता. थ्रेड थांबवण्याचा अधिकार प्लगइनला आणि सोडण्याचा बाईंना, अशी कामाची वाटणी झाली. अर्ज येत, बाई कळ दाबत. टेस्टर रजेवर गेला, हिशेबनीस गेल्या. शुक्रवारी स्वतः साहेबांचा अर्ज पडद्यावर आला. तोंडावरची माशीही हलू न देता बाईंनी कळ दाबली.

"सर, माझ्या रजेचं?" साहेब बॅग उचलत असताना त्यांनी विचारलं.

"अहो, तुम्हाला नाही कोण म्हणतंय? कळ दाबायला बदली माणूस द्या आणि खुशाल जा."

"सगळे रजेवर आहेत, सर."

"बघा, तुमच्यामुळे किती सोय झाली लोकांची!" साहेब मनापासून म्हणाले आणि निघून गेले.

सोमवारी सकाळी पडद्यावर नवऱ्याचा अर्ज आला. त्याच्या कचेरीनेही हाच प्रोग्राम घेतला होता. बाईंनी फोन लावला.

"अगं, दाब की!" नवरा म्हणाला. "पोरगी पिशवी घेऊन दारात बसलीये. तू ये मागाहून."

फोन लेकीने ओढून घेतला. "आई, मी तुझ्यासाठी बादलीतून समुद्र आणते!"

बाईंना हसू आलं. त्यांनी कळ दाबली. लेकीचा आनंदाचा चीत्कार फोनशिवायही ऐकू येईल इतका मोठा होता.

बाईंचा स्वतःचा अर्ज प्रक्रियेत आहे. साहेब ताजेतवाने होऊन परतले, तेव्हा त्यांनी दोन ओळींचा विषय वरिष्ठांपुढे मांडलादेखील. पण ग्राहक इतके समाधानी असताना बदल कशाला, असा निर्णय झाला.

आपण ही गोष्ट पाय पसरून निवांत वाचताय, त्या अर्थी आपलीही रजा मंजूर झालेली दिसते. मंजुरीनंतर ‘सेवा कशी वाटली?’ असं विचारलं होतं, आठवतं? आपण न वाचताच पाचपैकी पाच तारे दिलेत. ते वरिष्ठांपर्यंत पोचले आहेत. त्यांच्याच जोरावर बाईंना त्या खुर्चीवर कायम करण्यात आलं आहे.