लोकरीचे केस

मनीषनगरातल्या सुखधाम सोसायटीच्या जिममध्ये टोपी घालण्यास सक्त मनाई आहे. या मनाईचा डोक्याशी सुरुवातीला काहीही संबंध नव्हता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

झालं होतं असं. सोसायटीने सीताबर्डीच्या एका मशीनवाल्याकडून चालायची मशीन घेतली. नवीकोरी, चकचकीत, निळी. पण पट्टा एक फेरा पुरा करून आला की ती 'खट्' करायची, म्हाताऱ्या हाडासारखी. उघडून पाहिली तर आत कुणा दुसऱ्याच जिमचं नाव निघालं. तातडीने सभा भरली. "त्यानं आपल्याले टोपी घातली!" यावर एकमत झालं आणि ठराव मंजूर झाला की यापुढे जिममध्ये टोपी घालणे खपवून घेतले जाणार नाही. पेंटरकडे पाटी लहान होती, म्हणून त्याने आटोपशीर लिहिलं: 'येथे टोपी घालू नये.' मशीनवाल्याला जाब विचारायला कुणी गेलं नाही. पाटी मात्र भिंतीवर लागली आणि सगळ्यांना कारवाई झाल्यासारखं वाटलं.

मग उन्हाळा आला, आणि शोभाताईंचा उजवा गुडघा रुसला.

"रोज चाला," डॉक्टर म्हणाले. "पावसाळ्यापर्यंत चाललात तर हाच गुडघा राहील. नाही तर बदलू."

शोभाताईंना हाच गुडघा हवा होता. त्याच्यावर त्यांनी लेकरं निजवली होती, तो टेकवून अंगणं सारवली होती, नवरा रागावून गेला तेव्हा त्याच्यावरच हनुवटी ठेवून त्या वाट पाहत बसल्या होत्या. नवा गुडघा कितीही गुणाचा असला तरी त्याला यातलं काय ठाऊक असणार?

पण नागपूरच्या मे महिन्यात बाईने चालावं कुठे? सकाळचा चहा निवायच्या आत रस्ता तापतो, चिमण्यासुद्धा कूलरच्या पाण्याशी येऊन बसतात. उरलं जिम. तिथे मशीनच्या बरोबर वर एसी होता आणि त्याची गार धार नेमकी शोभाताईंच्या कानात शिरायची. त्यांनी हिवाळ्यात स्वतः विणलेली काळी कानटोपी पेटीतून काढली, डांबराच्या गोळीचा वास झटकला, डोक्यावर ओढली आणि मशीनवर चढल्या. चालता चालता गुणगुणू लागल्या:

चालते मी बाई, जागच्या जागी,
गाव येईना पुढं, घर राहीना मागी.

"थांबा," मागून आवाज आला.

हे जिमचे सचिव बाबाराव. सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या डोक्यावर दाट काळे केस होते, जे निवृत्तीनंतर पंधरवड्याने आले होते. त्याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही. सभ्य वस्ती होती.

"काहून थांबवून राहिले, बाबारावजी?"

"आपण टोपी घातली आहे."

"कोणाले?"

"डोक्याला."

शोभाताई हसल्या. "अहो, ते पाटी त्या मशीनवाल्यासाठी होती ना! त्यानं फसवलं म्हणून."

"पाटीवर फसवणुकीचा उल्लेख नाही," बाबाराव म्हणाले. "फसवणुकीबाबत जिमचे कोणतेही धोरण नाही. धोरण टोपीबाबत आहे."

दुसऱ्या दिवशी शोभाताई दुपट्टा बांधून आल्या. उन्हाळ्यात अख्खं नागपूर डोळे तेवढे उघडे ठेवून हिंडतं, कुणी कुणाला ओळखत नाही आणि कुणाचं अडतही नाही. दुपट्टा काही टोपी नव्हे. बाबारावांनाही ते पटलं, म्हणून त्यांनी टोपीची व्याख्या बदलली. 'टोपी म्हणजे डोक्यावर असलेली, परंतु मुळात डोक्याची नसलेली कोणतीही वस्तू.' त्यात दुपट्टा गेला, घाम पुसायचा नॅपकिन गेला, पोरांचे हेडफोन गेले. एका सभासद बाईला केसांची मेंदी वाळेपर्यंत बाहेर बसवण्यात आलं.

शोभाताईंनी कानाच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणलं. बाबारावांनी ते दोनदा वाचलं. "यात कान दुखतो असे आहे. कान झाकण्यास आमची हरकत नाही. हरकत डोक्याला आहे."

"मंग डोकं सोडून कानावर टोपी कशी घालू जी?"

"तो वैद्यकीय प्रश्न आहे."

इकडे गुडघा कुरकुरायला लागला. शोभाताई रोज वेळेवर यायच्या, दारात अडवल्या जायच्या आणि तेवढंच चालून घरी जायच्या. शेजारची भावना, शाळेत मास्तरीण, तिचं रक्त उसळलं.

"काकू, तुमी ऐकून काहून घेऊन राहिल्या वं? मी बोलतो सभेत."

ती सभेत बोलली. फार चांगलं बोलली. "नियमच आहे तर सगळ्यांना लावा! डोक्यावर कुणाच्या काय आहे, रोज तपासा!"

ती उपरोधाने बोलली होती. पण उपरोधासाठी कार्यक्रमपत्रिकेत जागा नसल्यामुळे ती सूचना म्हणून घेतली गेली आणि मंजूर झाली. दारातच प्रत्येकाचे केस हलकेच ओढून पाहायचे ठरले. बायकांच्या केसांना पुरुषाने हात लावणे बरे नव्हे, सबब तपासनीस बाईच हवी. आणि रोज दारापर्यंत येऊन आत न जाणारी बाई सोसायटीत एकच होती.

अशा रीतीने शोभाताई तपासनीस झाल्या. पदाला खुर्ची होती, गुडघ्याला तेवढंच बरं.

पहिल्या सकाळी रांग लागली. "सुरुवात सचिवांपासून!" भावनाने आवाज दिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांपुढे बाबाराव काय करणार? ते आले, वाकले, डोळे मिटून घेतले.

शोभाताईंनी हात ठेवला. हलकेच ओढलं. बाबारावांचे केस, सगळेच्या सगळे, एका विचाराने उजव्या कानाकडे सरकले.

"ताई," बाबाराव पुटपुटले, आणि त्यांच्या तोंडून सारी कचेरी गळून पडली. "लाज राख वं माय. बुढी गेल्यावर घरात आरसा अन् मी, दोघंच उरलो."

शोभाताईंनी वाकलेल्या मानेकडे पाहिलं. मग लेकराचा भांग नीट करावा तसे ते केस दोन्ही हातांनी हळूच जागेवर बसवले.

"खरे आहेत," त्या मोठ्याने म्हणाल्या. "जल्माचे."

मग त्यांनी पदराखालून कानटोपी काढली, डोक्यावर चढवली आणि म्हणाल्या, "आता माहे पाहा जी."

बाबारावांनी लोकर दोन बोटांत धरली. त्यांचा चेहरा पुन्हा अधीक्षकाचा झाला. "नैसर्गिक," ते म्हणाले. "काळे. किंचित कुरळे. आत जाण्यास हरकत नाही."

त्या आठवड्यात सोसायटीत केसांचं पीक आलं. भावनाचा दुपट्टा लांबसडक केस म्हणून मंजूर झाला. पोरांच्या क्रिकेटच्या टोप्या म्हणजे कपाळावर पुढे आलेले केस ठरले. कारवाई कुणावरच करावी लागेना. पाटीवर नवा रंग चढला.

आणि एके दिवशी सीताबर्डीचा तो मशीनवाला आला. तेल लावलेला भांग, हसरा चेहरा. शोभाताईंनी दारात त्याचे केस ओढून पाहिले. खरे होते. डोक्यावर काहीही न घालता आत गेलेला त्या जिममधला तो एकटाच माणूस. त्याला कोणत्या कलमाखाली अडवणार?

"जुनी मशीन द्या, नवी घ्या," तो म्हणाला. "तुमच्यासाठी खास."

टेम्पोतून जुनी निळी मशीन गेली. थोड्या दिवसांनी नवी आली, लालभडक, फीत बांधलेली. नारळ फुटला. पहिलं चालायचा मान शोभाताईंना. त्या चढल्या, कानावर लोकर ओढली, पट्टा सरकला, ओठांवर ओवी आली. चालते मी बाई, जागच्या जागी...

खट्.

डोळ्यांना लाल दिसत होतं. पण पायाला रंग कळत नाही. पायाने जुनी ओळख ताबडतोब सांगितली.

खट्.

"कशी वाटते नवी मशीन, ताई?" बाबारावांनी विचारलं. मशीनवाला हसत उभा होता. सगळे पाहत होते.

शोभाताईंनी बाबारावांच्या केसांकडे पाहिलं. बाबारावांनी शोभाताईंच्या. भावनाने दुपट्टा सावरला.

"छान आहे जी," शोभाताई म्हणाल्या. "एकदम नवी."

टाळ्या वाजल्या. पट्ट्यातून खट् झालं, गुडघ्यातून खट् झालं. दोघांचं जमलं.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. फक्त कधी मनीषनगरात आलात तर आत शिरण्याआधी दारात थांबा आणि मान जरा खाली करा. शोभाताईंचा हात फार हळुवार आहे. तुमचं जे काही सरकेल ते त्या जागेवर बसवतील आणि मोठ्याने म्हणतील, खरं आहे, जल्माचं. तुम्ही फक्त त्यांच्या लोकरीला केस म्हणायचं. तेवढं तर तुम्हाला जमतंच.