खोदावयाची विहीर

लॅटिन येणाऱ्या माणसाचं जगात कुठेच अडत नाही, असं प्राध्यापक गहिनीनाथांचं ठाम मत होतं. नगरच्या कॉलेजात त्यांच्या वर्गाला यंदाही विद्यार्थी नव्हता. त्यामुळे ऐन दुष्काळात एका पंचायत समितीने त्यांना मार्गदर्शनासाठी पाचारण केलं, तेव्हा ते कोट घालून गेले.

कारभार आता मराठीतून करायचा होता. खालच्या वस्तीची विहीर कित्येक सभा 'अजेंड्या'वर होती आणि अजेंडा म्हणजे काय, असं वस्तीच्या सदस्य चांगुणाबाईंनी भर सभेत विचारलं होतं.

"अजेंडा हे लॅटिन धातुसाधित," सर खुलले. "म्हणजे करावयाच्या गोष्टी. कर्मणी रूप. कर्ता सांगावा लागत नाही."

"कर्ता लागत नाही?" बीडीओ सहादेवराव खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, ही तर आमचीच भाषा!"

"आणि काम झालं की फक्त रूप बदलायचं. खोदावयाची ती फोडिएंडा, खोदलेली ती फोस्सा. लिंग, वचन, विभक्ती मात्र नामाप्रमाणे चालवा."

"फोडा न्हाईतर खोदा," चांगुणाबाई म्हणाल्या, "पन पानी लागू द्या."

त्याच दुपारी 'खोदावयाची' खोडून 'खोदलेली' करण्यात आलं. स्त्रीलिंग आणि एकवचन सरांनी जातीने तपासलं. विहीर झालेल्या वस्तीला टँकर देता येत नाही. सबब टँकर बंद करण्यात आला.

चांगुणाबाई थेट कॉलेजात आल्या. "सर, तुमी इहीर खोदली म्हनं. कुटं खोदली तेवढं दावा. बाया पान्यासाठी वढ्यात झिरे उकरत्यात."

सर वरमले. बाईंना घेऊन कचेरीत गेले आणि रूप पूर्ववत करा म्हणाले.

"भूतकाळ मागे नेता येत नाही, सर. ऑडिट असतं," सहादेवराव म्हणाले. "'बुजलेली' चालेल?"

सरांचा चेहरा उजळला. "उत्तम! तेही भूतकालवाचकच."

"आवो, न्हाईच ती बुजंल कशी?"

"बाई, व्याकरणात बसतंय ना?" सर म्हणाले.

विहीर बुजवण्यात आली. 'काढावयाचा गाळ' अजेंड्यावर गेला. पाहणीला आलेल्या पथकाने जमीन अगदी सपाट असल्याचा शेरा मारला आणि बुजवण्याच्या कामाची तारीफ केली. टँकर सुरू झाला नाही. नादुरुस्त विहिरीला आधी दुरुस्ती लागते.

नगरला, सावेडीतल्या घरी सरांनी हा किस्सा रंगवून सांगितला. मंडळी पोट धरून हसली. लॅटिनमध्ये विहीर कोणत्या लिंगी, असंही एकाने विचारलं. पुल्लिंगी, सर म्हणाले. तेवढ्यात नळाला पाणी आलं, म्हणून सगळे उठले.